कानातल्या बाईला उत्तर द्यायचं नाही!

"कॅमेऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात? मायक्रोफोनला डोळा बसवला की झाला कॅमेरा!"

असं म्हणून टोर्नी हेडलुंडने इकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत बुडवलेला चीजचा तुकडा चमच्याने उचलला आणि ऐटीत तोंडात टाकला. ऐट असणारच! वीसेक वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस. उमेओ शहरापासून स्वीडनच्या पार वरच्या टोकाच्या खेड्यापर्यंत सगळे त्याला आवाजाने ओळखायचे. टोर्नी म्हणाला पाऊस, की लोक छत्री उचलायचे. खिडकीबाहेर बघायची पद्धतच नव्हती.

पण आता रेडिओ आणि टीव्ही एकत्र झाले होते. संध्याकाळच्या बातम्या दोन्हीकडे एकदमच जायच्या, आणि त्यासाठी खुर्ची उरली होती एकच. ती मिळाली तर उत्तम. नाहीतर थेट स्टॉकहोमच्या कचेरीत बदली!

"स्टॉकहोमला तू खुशाल जा बाबा," त्याची बायको मारित म्हणाली. "मी आणि कुत्रा इथेच. आई तिकडे बेटावर एकटी आहे, तिला सोडून मी हलायची नाही."

"अगं, पण जातंय कोण? आठवडाभर ट्रेनिंग, शुक्रवारी एकदा लाइव्ह बातम्या वाचायच्या, की खुर्ची आपली!"

शिकवायला आली पर्निला. ही पार दक्षिणेकडची, माल्मोची. तिकडची माणसं वाक्याला वाक्य जोडून बोलतात, मध्ये श्वास घेतात की नाही देव जाणे! पहिल्याच दिवशी तिने टोर्नीला कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

"हसा!"

"हसतोच आहे की."

"हे हसणं? अहो, कुणी गेल्याची बातमी नाहीये! आणि हात मोकळे सोडा. विसरून जा हातांना."

टोर्नी विसरला. हात गुपचूप खिशात गेले.

मग तिने त्याच्या कानात एक बोंड बसवलं. "यातून मी कंट्रोल रूममधून बोलत राहीन. प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही. नियम एकच! उत्तर द्यायचं नाही!"

"बरं," टोर्नी म्हणाला.

"हे बघा, दिलंत उत्तर!"

"चुकलं."

"परत!"

दोन दिवस हेच. एल्क हरणांच्या शिकारीची बातमी मन लावून वाचता वाचता टोर्नी मध्येच म्हणायचा, "हो बाई, बघतो डावीकडे." कॅमेऱ्यामागचा सिक्स्टेन पोट धरून हसायचा. पण टोर्नीही हट्टाला पेटला. बुधवारपर्यंत त्याने तोंडाला कुलूप घातलं. हो नाही, बरं नाही, मानसुद्धा हलवायची नाही!

फक्त एक झालं. पर्निलाने कानात काही सांगितलं, की हा ओठांचा चंबू करून जोरात श्वास आत ओढायचा. श्शुप्!

आता आमच्या उत्तरेकडे 'हो' म्हणायची रीतच ही आहे. उगाच शब्द कशाला खर्च करायचा? श्वास आत ओढला, की झालं हो! आपण असं करतो हे करणाऱ्यालाही कळत नाही. टोर्नीला कळलं नव्हतं. सिक्स्टेन इथलाच, त्याला त्यात वावगं काय दिसणार? राहिली पर्निला. तिची मात्र झोप उडाली.

"टोर्नी, तुम्हाला दमा आहे का?"

"छे!"

"मग धास्ती वाटते का? खरं सांगा. रात्री झोप लागते ना नीट?"

श्शुप्!

"बघा, बघा! परत धाप लागली!"

बाईने कसला तरी काढा आणला. कागदी पिशवी तोंडाला लावून फुंकायला लावलं. टीव्हीवाल्यांची रीत असेल म्हणून टोर्नीने इमानदारीत फुंकली.

उजाडला शुक्रवार.

त्या वर्षी समुद्र उशिरा गोठला होता. बोट बंद झालेली, आणि गोठलेल्या समुद्रावरून बेटावर गाड्या न्यायचा बर्फाचा रस्ता अजून खुला झालेला नाही. नाताळापासून लोक अडकले होते. धक्क्यावर गाड्यांची रांग लावून रोज संध्याकाळी रेडिओवर कान! त्या दिवशी रांगेत पहिली गाडी मारितची. जुनी व्हॉल्व्हो, आणि टपावर दोरांनी बांधलेला लाल सोफा. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाची भेट.

स्टुडिओत लाल दिवा लागला. टोर्नीच्या पाठीला घाम सुटला, पण हसू जागेवर, हात जागेवर. दोन बातम्या झकास गेल्या. तिसरी रस्त्याची. टोर्नीने फक्त प्रश्न विचारायचा, आणि उत्तर पुढच्या फिल्ममध्ये रस्त्याचे इंजिनियर देणार. बर्फ अजून पातळ आहे, गाड्या नेऊ नका, असं ते त्यात घसा फोडून सांगत होते.

समोरच्या काचेवर अक्षरं सरकली. टोर्नी भारदस्त आवाजात म्हणाला, "मग आज बेटावर गाडी नेता येईल का?"

"फिल्म अडकली!" पर्निला कानात किंचाळली. "सोडून द्या, पुढची बातमी घ्या! कळलं?"

श्शुप्!

आणि टोर्नी शांतपणे स्कीच्या निकालांवर गेला. काय मस्त सावरलं, असं त्याचं त्यालाच वाटलं. आत पर्निलाने कपाळाला हात लावला, तो फक्त याला परत धाप लागली म्हणून.

शेवटच्या दृश्यासाठी धक्क्यावर एक कॅमेरा लावून ठेवला होता. त्याचं चित्र टोर्नीच्या समोरच्या छोट्या पडद्यावर दिसत होतं. निकाल वाचता वाचता त्याची नजर तिकडे गेली. अंधारात एकेक दिवा पेटत होता. रांग हलत होती. पहिली गाडी उतारावरून खाली आली, तिची पुढची चाकं बर्फावर टेकली. टपावर लाल सोफा!

टोर्नी एकाच ओळीवर अडकला. "पंधरा किलोमीटरच्या शर्यतीत... पंधरा... पंधरा..."

"हसा!" कानातून आलं.

गाडी दहा-बारा हात पुढे गेली. मागे दुसरी उतरत होती.

"सिक्स्टेन, हे लोक बर्फावर का जातायत?" टोर्नी चालू बातम्यांत ओरडला.

"का म्हणजे?" कॅमेऱ्यामागून आवाज आला. "तूच तर आत्ता हो म्हणालास!"

"मी? कधी?"

"गाडी नेता येईल का म्हणालास, आणि हो म्हणालास! साऱ्या मुलखाने ऐकलं!"

टोर्नीला सगळं एका क्षणात कळलं. त्याने कानातलं बोंड उपटून फेकलं. झेप घेऊन कॅमेऱ्याला दोन्ही हातांनी धरलं. पडद्यावर नुसतं नाक!

"मारित! थांब! मी हो म्हणालो नाही! बर्फ पातळ आहे! अगं, ऐकतेस का? मागे फीर! सगळे मागे फिरा!"

गाडी चालतच होती. एक हात. आणखी एक. स्टुडिओत कुणाचा श्वास आत नाही की बाहेर नाही. मारितला आपण शेवटचं काय बोललो होतो, तेच टोर्नीला आठवेना.

मग मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली, हळूहळू मागे सरकू लागली. कडेच्या बर्फाला तडा गेला, एक चाक पाण्यात बुडालं, गाडी खाली बसते की काय असं वाटलं! मागच्या लोकांनी धावत येऊन दोर बांधला आणि हिसका देऊन तिला वर ओढलं. त्या हिसक्याने टपावरचा सोफा सुटला, घसरत गेला आणि बर्फावर चारी पाय रोवून उभा राहिला. बातम्यांचं शेवटचं दृश्य तेच. काळोख, बर्फ आणि रिकामा लाल सोफा.

टोर्नी मटकन जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तासाभराने मारित ओल्या बुटांनी स्टुडिओत आली. "मेल्या, आधी हो म्हणतोस, मग जगासमोर माझ्या नावाने बोंब मारतोस?" म्हणाली, आणि त्याला घट्ट धरून उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. स्टॉकहोमच्या मुख्य साहेबीण, आल्मक्विस्ट बाई!

"टोर्नी, चूक झाली ती झाली, ती आपण निस्तरू. पण शिकवलेलं सगळं विसरून माणसासारखं ओरडलात ना, तसा माणूस मला हवाय! खुर्ची तुमची. घेणार ना?"

टोर्नीचा ऊर भरून आला. त्याने छातीभर श्वास ओढला. श्शुप्!

"हॅलो? घेणार ना?"

श्श्शुप्!! याहून मोठ्याने हो म्हणता येतच नाही.

"शब्द फुटत नाहीये का तुम्हाला? समजू शकते मी. धक्काच तसा आहे. आग्रह करत नाही हं. पर्निला आहेच तिथे, खुर्ची घेतेस का म्हणून तिलाच विचारते." खट्!

"ऐकलं मी," मारित डोळे पुसत म्हणाली. "हो म्हणालास ना? दोनदा म्हणालास! चल, आता आधी सोफा आणू."

टोर्नी वेड्यासारखा परत नंबर फिरवत होता. फोन लागत नव्हता. काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये पर्निला कानाला फोन लावून उभी होती, आणि तोंड उघडून काढलेला तिचा खणखणीत आवाज इकडेपर्यंत आला.

"हो!"