टकटक थांबली तेव्हा

गाडीचं दुखणं कानानं ओळखता येतं, असा बद्रीनाथचा दावा होता. सरकारी वर्कशॉपात त्यानं उभी हयात कारकुनी केली. पाना कधी हातात धरला नाही, पण मिस्त्री लोकांच्या गप्पा ऐकून ऐकून त्याचा कान तयार झाला होता. नुसता हॉर्न ऐकून तो ड्रायव्हरचं वय सांगायचा. त्यामुळे निवृत्त होताच त्यानं एका डॉक्टरची जुनी पांढरी मोटार घेतली, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ती मोटार चालते याचं.

मोटार घेतली होती लेकीसाठी. लक्ष्मीला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, हे काय सांगायला पाहिजे? पण लक्ष्मी दिली होती दौलताबादला, काकासाहेबांच्या घरात. काकासाहेब असे सावध, की बैलगाडीत बसायच्या आधी चाकाची खीळ स्वतः हलवून बघत. त्यांनी निरोप धाडला होता, "गाडी ठणठणीत असंल तर सून पाठवू. वाजणाऱ्या डब्यात बसवणार नाय. नायतर बाळंतपण हितंच करू. ईनबाईंनी हवं तर येऊन ऱ्हावं."

निरोप ऐकून बद्रीनाथच्या बायकोनं, आशाबाईनं, जेवणावरून हात काढला. "लेक माझी पहिलटकरीण, अन् मी पाव्हणी म्हणून जाऊ व्हय? ते काय नाय. लक्ष्मी इथं आली पायजे."

"गाडी माझी हाय," बद्रीनाथ म्हणाला, "आवाज करायची तिची बिशाद हाय का?"

दुसऱ्याच दिवशी क्रांती चौकात सिग्नलला गाडी उभी होती आणि इंजिनातून आवाज आला. टक, टक, टक.

शेजारचा बन्सी बाजूला बसला होता. "काय वाजायलंय?"

"टॅपेट," बद्रीनाथ म्हणाला. ताप आलेल्या कुणालाही डॉक्टर जसा 'हवा बदललीय' म्हणतो, तसा.

घरी येऊन त्यानं बॉनेट उघडलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटून उभा राहिला. हाताला लागतील ते स्क्रू पिळले. ऑइल बदललं, निम्मं इंजिनात आणि निम्मं इंजिनावर. मग मोठ्या ऐटीत गाडी चालू केली.

बन्सीनं मान तिरकी केली. "फरक हाय. आता लई स्वच्छ ऐकू यायलंय."

मिस्त्रीकडे जायचं म्हणजे गल्लीत नाक कापून घेणं. शिवाय दुसऱ्या दिवशी लेकीला आणायचा मुहूर्त होता. बद्रीनाथनं देवाला हात जोडले आणि टकटकीसकट दौलताबाद गाठलं.

काकासाहेब ओट्यावर उभेच होते. आत लक्ष्मी पिशवी भरून, हिरव्या बांगड्या घालून तयार. बापाला बघून तिचे डोळे चमकले. आता हिला ठेवून परत जायचं म्हणजे आशाबाईला तोंड कसं दाखवणार?

"इवाई," काकासाहेब म्हणाले, "गाडी वाजतीया."

"थोडं टॅपेट..."

"बॉनट उघडा."

बॉनेट उघडलं, आणि तासाभरात निम्मं गाव त्यात डोकावून गेलं. कुणी म्हणालं बेरिंग, कुणी म्हणालं पाणी कमी. ट्रॅक्टरवाल्या एकानं तर मोटार उतारावर ढकलून बघायचा सल्ला दिला. मग काकासाहेबांनी काठीचं टोक पंख्याजवळ नेलं. तिथं काळं, तेलकट, बोंडासारखं काहीतरी लोंबत होतं आणि पंख्याचं पातं दर फेरीला त्याला चाटून जात होतं.

"ह्ये काय?"

"ते कार्बोरेटरचं असतं," बद्रीनाथ छातीठोकपणे म्हणाला.

त्याची विहीण, चतुराबाई, पदर सावरत पुढं झाली. तिनं वाकून बघितलं. "असतं व्हय कार्बोरेटरचं? ह्यो तर बिब्बा हाय. संगं खिळा हाय, काळा दोरा हाय."

बद्रीनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे त्याच्या आईचं, सरूबाईचं काम! पोटुशी नात ज्या गाडीतून येणार, तिला दृष्ट लागू नये म्हणून म्हातारीनं गुपचूप बांधलं होतं. त्याला इतका आनंद झाला की विहिणीसमोर त्यानं उडीच मारली. "बघा, इंजिन ठणठणीत हाय! हे तोडलं की आवाज बंद."

त्यानं हात घातला आणि चतुराबाईनं तो मनगटाला धरला. "खबरदार. पोटुशीसाठी बांधल्यालं कुणी तोडतं व्हय?"

"पण ईनबाई, त्येच वाजायलंय!"

"वाजू द्या की."

काकासाहेबांनी बायकोकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि निकाल फिरवला. "टकटक हाय तवर सून गाडीत. टकटक थांबली की गाडी माघारी. मी सोबत येतो पोचवायला." आणि कान टवकारून ते पुढच्या सीटवर बसले.

मिटमिट्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एक खड्डा आला, खालून खट्ट झालं आणि इंजिन एकदम गप्प झालं. म्हणजे चालू होतं, पण लोण्यासारखं. बद्रीनाथनं गाडी घेतल्यापासून ती इतकी सुरेख कधी चालली नव्हती, आणि त्याला घाम फुटला.

काकासाहेबांची मान हळूहळू त्याच्याकडं वळू लागली.

बद्रीनाथ शेतकऱ्याचा पोर. बैलं हाकताना जीभ टाळूला लावून काढायचा तो आवाज आपोआप तोंडातून निघाला. टक, टक, टक. काकासाहेबांची मान परत सरळ झाली.

आता थांबायची सोय नव्हती. गाडी वेगात गेली की जीभही वेगात. चढावर तर तिला पेटके यायची वेळ आली.

"इवाई, औंदा कापूस कसा काय?" काकासाहेबांनी विचारलं.

बद्रीनाथनं डोळे विस्फारले. तेवढ्यात मागून लक्ष्मीनं खिडकीच्या काचेवर बांगडी वाजवायला सुरुवात केली. पोरगी बापाची खरी! "बरा हाय," एवढं बोलून बद्रीनाथ पुन्हा कामाला लागला. छावणीत म्हैस आडवी आली तेव्हा लक्ष्मीनं वाजवलं, म्हशीला शिव्या बापानं घातल्या.

औरंगपुऱ्यात आशाबाई भाकरतुकडा घेऊन दारातच होती. तिनं लेकीवरून तो ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि लक्ष्मीनं उंबरा ओलांडला. ओवाळून आत घेतलेली लेक माघारी फिरवायची रीत कुणाकडंच नाही, काकासाहेबांकडंही नाही. मायलेकी गळ्यात पडून रडत होत्या, हसत होत्या. बद्रीनाथ बॉनेटला टेकून ते डोळे भरून बघत राहिला. आपण जिंकलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

काकासाहेब त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. टकटक अजून चालूच होती. त्यांनी ती कान देऊन ऐकली.

"इवाई," ते म्हणाले, "किल्ली तर तुमच्या हातात हाय."

बद्रीनाथनं किल्लीकडं बघितलं. खुलासा करायला त्यानं तोंड उघडलं, पण जिभेला आता दुसरं काही येईना.

"टक," तो म्हणाला.