बाचा झोपाळा आणि तिसरा हात

अख्ख्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्यासारखा टाका मारणारा दुसरा माणूस नाही! हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे म्हणत असणारच, माझ्यासमोर कोणी म्हणालं नाही एवढंच. टिग वेल्डिंगमध्ये शिवण नंतर. आधी दोन पाइप जागेवर धरून चिमुकले टाके मारायचे असतात. ते चुकले की पुढचं सगळं मुसळ केरात. अठरा वर्षं मी हेच करतो आहे.

माझ्यात एकच खोड आहे. काळी काच डोळ्यांवर ओढली, आर्गन वायूचा सुस्कारा सुरू झाला आणि ठिणगी पेटायच्या आधीचा तो मिट्ट काळोख आला, की मी तिथे राहतच नाही! कधी मी नर्मदेच्या पाण्यावर पाठीवर पडून तरंगत असतो, कधी गावच्या कडुलिंबाखाली. कोणी तरी "ए किरीट!" म्हणून ओरडतं तेव्हा परत येतो.

तर त्या शनिवारी बाने, म्हणजे माझ्या आईने, जेवताना जाहीर केलं, "सोमवारी प्रफुल्ल येतोय. मी सुरतला जाते. कायमची."

प्रफुल्ल म्हणजे माझा सुरतचा भाऊ. माझ्या हातातलं थेपलं हातातच राहिलं.

"का गं बा? इथं काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे दीकरा. बसून बसून हाडं गंजली माझी. दक्षा सून चांगली, पण मला साधी भेंडी चिरू देत नाही. मी म्हणजे कुंडीतली तुळस! पाणी घाला आणि नमस्कार करा."

मी रात्रभर विचार केला. बसून बसून हाडं गंजली! अरे, म्हणजे बसायला धड जागा नाही! गावच्या घरात बा ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसायची. आमच्या फ्लॅटमध्ये प्लास्टिकची खुर्ची! सापडलं! रविवारी स्टीलचा झोपाळा करायचा, बाल्कनीत ठेवायचा, आणि सोमवारी प्रफुल्ल येईल तेव्हा बा झुलत झुलत म्हणेल, "जा रे बाबा, मी कुठे येत नाही." मला तर तिचे झुलणारे पायसुद्धा दिसायला लागले.

आमच्या वर्कशॉपच्या मालकांनी, व्रजलाल शेठनी, उरलेले पाइप न्यायला हसत परवानगी दिली. फक्त पाइप पकडायचे क्लॅम्प कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली शेठच्या कमरेला. म्हटलं, हरकत नाही. माणूस धरेल.

इथेच माती खाल्ली. टिगमध्ये एका हातात ठिणगीचा टॉर्च, दुसऱ्या हातात तार, पाय पॅडलवर. पाइप धरायला तिसरा हात लागतो. आणि रविवारी तिसरा हात म्हणून कोण मिळावं? माझा मेव्हणा पिनाकिन! तो मंगळ बाजारात साड्यांच्या दुकानात आहे. दिवसभर गिऱ्हाइकापुढे साड्या फडकावून फडकावून त्याचा हात झोपेतसुद्धा हलतो.

"जिजाजी, लोहचुंबक लावा ना! मी फ्रिजवरचे चार आणलेत."

"ह्या स्टीलला चुंबक चिकटत नसतो, शहाण्या! धर हा पाय. आणि डोळे मीट."

"डोळे मिटले की मला भीती वाटते."

"मग उघडे ठेव आणि आंधळा हो!"

त्याने डोळे मिटले. मी काच ओढली. वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. बाहेर कुठे तरी होला घुमत होता. काळोखात मला बा दिसली, झोपाळ्यावर, मांडीवर मेथीची जुडी. झोपाळा हळूच पुढे, हळूच मागे... मी पॅडल दाबलं. चर्रर्र!

"आई गं!" पिनाकिन एवढा दचकला की पाइप तीन बोटं सरकला. टाका पडला तो भलतीकडेच.

ग्राइंडरने तोडला. पुन्हा धरला. पुन्हा चर्रर्र, पुन्हा आई गं! बारा टाक्यांना पिनाकिनने बारा वेळा आईला बोलावलं. शेवटी चारही पाय लागले आणि आम्ही सांगाडा उभा केला. तीन पाय जमिनीवर, चौथा हवेत! कुत्रा विजेच्या खांबाशी उभा राहावा तसा आमचा झोपाळा उभा होता.

"छान झालाय," पिनाकिन म्हणाला. "पण जिजाजी, एक विचारू? झोपाळा वरून टांगतात ना?"

"मग?"

"मग कड्या आभाळाकडे तोंड करून का आहेत?"

मी वर पाहिलं. दोन्ही कड्या आडव्या पाइपच्या वरच्या अंगाला, सुबक, नीटनेटक्या, आभाळाकडे तोंड करून! त्या वेळी मी कुठे होतो कोण जाणे. बहुधा नर्मदेवर.

"तोडू आणि परत लावू," मी म्हणालो. "उलटा कर."

सांगाडा उलटा केला, पाय वर. एवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि डबा घेऊन बा उतरली! दक्षा तिचं सामान भरत होती म्हणून बा स्वतःच निघाली होती. मी झोपाळ्यापुढे हात पसरून उभा राहिलो. बाने मला कोपराने बाजूला केलं आणि ते चार पाय पाहून डबा दाणकन टेबलावर ठेवला.

"अस्सं! दवाखान्यातली खाट करतोयस माझ्यासाठी!"

"अगं नाही बा—"

"चालती बोलती आहे मी! काल तीन जिने चढले! आणि माझा मुलगा माझ्यासाठी खाट सांधतोय! पिनाकिन, तूसुद्धा?"

"मी नुसता धरलाय, बा!" पिनाकिन म्हणाला.

"धरलेला दिसतोय! एक पाय आफ्रिकेत गेलाय तो!"

"बा, झोपाळा आहे तो!" मी ओरडलो. "तू जाऊ नयेस म्हणून! गावच्यासारखा!"

 बाने सांगाड्याभोवती एक फेरी मारली. एका टाक्यावरून अंगठा फिरवला.

"सगळे टाके एकाच बाजूने मारलेस?"

"हो."

"मग लोखंड तोंड फिरवणारच! तापलं तिकडे ते वळतं. एक इकडे मारलास की दुसरा लगेच समोर मारायचा. हे पोरसुद्धा सांगेल. सरक रे पिनाकिन, जा, रिक्षावाला थांबलाय."

"बा, तुला कुठे जमणार—"

"तुझ्या बापाच्या ऐरणीवर तीस वर्षं सांडशी कोणी धरली होती? तुझ्या आत्याने?"

मी विसरलोच होतो! खरंच विसरलो होतो. बापू घण मारायचे आणि समोर लालबुंद पहार सांडशीत धरून बा बसलेली असायची. घण पडला तरी तिच्या पापणीचा केस हलायचा नाही. एवढी वर्षं तिला मी खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मला लाज वाटली.

बाने पदर खोचला, हातमोजे घातले, दुसरं हेल्मेट चढवलं आणि पाइप धरला. मी काच ओढली. काळोख. या वेळी मी थेट भट्टीपाशी पोहोचलो. भाता श्वास घेत होता, बापूंच्या कपाळावर घाम होता, राखेत एक निखारा हळूहळू तांबडा होत होता, आणि मी लहान होऊन बाच्या पाठीला टेकलो होतो. किती वेळ टेकलो होतो देव जाणे!

"झोपलास काय? टाका मार!"

चर्रर्र! पाइप केसभरही हलला नाही. एक इकडे, एक समोर. जुने टाके तोडत, नवे मारत गेलो. चार वाजेपर्यंत झोपाळा चारही पायांवर उभा, कड्या खाली! मग शिवणी पुऱ्या केल्या, एकट्याने.

संध्याकाळी शेठ देवापुढे दिवा लावायला आले. झोपाळ्यापुढे बराच वेळ वाकून उभे राहिले. डेअरीच्या दुधाच्या पाइपांचं काम आमच्याकडे पंधरा दिवस अडलं होतं. अडचणीच्या जागी क्लॅम्प बसत नव्हते, धरणाऱ्यांचे हात हलायचे आणि तपासनीस सगळं परत पाठवायचा.

"किरीट, हे धरलं कोणी?"

मी बाच्या दिशेने बोट दाखवलं. शेठनी चक्क हात जोडले. "बा, उद्या याल?"

"उद्या मी सुरतला चालले," बा म्हणाली आणि रिकामा डबा उचलला.

सोमवारी सकाळी बाल्कनीत बा झोपाळ्यावर बसली.  दोन झोके घेतले, उठली.

"छान आहे रे. पण ह्याच्यावर बसलं की झोप येते."

झालं! संपलं! खाली प्रफुल्लची गाडी वाजली. मी बाची बॅग उतरवली, गाडीत ठेवली, वाकून नमस्कार केला. प्रफुल्लने दार उघडलं. बाने ते दार बंद केलं.

"प्रफुल्ल, बॅग वर नेऊन ठेव आणि दक्षाच्या हातचा चहा घेऊन जा." मग माझ्याकडे वळून, "तू काय बघतोस? स्कूटर काढ! आठ वाजले. शेठला रात्रीच फोन केलाय, वाट बघत असेल."

अख्खा रस्ता मी हवेत तरंगत होतो. दोनदा लाल सिग्नल तोडला, दोनदा पाठीत धपाटा खाल्ला!

शेठनी बासाठी गादी घातलेलं स्टूल तयार ठेवलं होतं. सगळे वेल्डर ओळीने उभे. "बा, बोला, कोणाच्या जोडीला बसता?" मी छाती काढून पुढे झालो, हातमोजेसुद्धा चढवले.

बाने ओळीवरून नजर फिरवली.

"ह्या रमणीकच्या. किरीट नको. तो काच ओढली की गावाला जाऊन येतो."

सध्या मी मागच्या शेडमध्ये पाइप घासतो. बाचा डबा धरायचं काम मात्र अजून माझ्याकडेच आहे.