साळुंखेभाऊंचा बॉयलर

नारळ फोडल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही, हा साळुंखेभाऊंचा नियम. न्यू जर्सीतल्या या जुन्या लाकडी घरात ते लेकाबरोबर खाली राहतात, आम्ही मायलेकी वर भाड्याने. तळघरात बॉयलर एकच. त्याची वाफ खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये येते.

भाऊंनी गावाकडे साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला. तिथे हंगामाआधी जोडप्याच्या हातून बॉयलरची पूजा होते. म्हणून इथेही दर ऑक्टोबरला भाऊ आणि त्यांच्या पत्नी मालनताई तळघरात पाटावर बसायचे. एका वर्षी धुपाने अलार्म वाजला आणि आगीचा बंब दारात आला. भाऊंनी त्या धिप्पाड माणसांना आधी बूट काढायला लावले, मग खोबरं-साखर दिली. "वाफेशी मस्करी नको," हे मराठीतच बजावलं. त्यांनी मुकाट्याने खाल्लं.

यंदा ऑगस्टात मालनताईंना अर्धांगवायू झाला. त्या नर्सिंग होममध्ये आहेत. भाऊ म्हणाले, ती आल्यावर पेटवू. नोव्हेंबर लागला. लेक बटण दाबायला गेला की भाऊ तळघराच्या पायरीवर आडवे बसलेले. आम्ही कानटोप्या घालून जेवायचो. मालनताई आता घरी येणार नाहीत, असं डॉक्टरांनी लेकाला केव्हाच सांगितलं होतं. बापाला सांगायची त्याची छाती होईना.

एका दुपारी मी खाली गेले. भाऊ मालनताईंच्या खोलीत रेडिएटरचा व्हॉल्व दुरुस्त करत होते. मागच्या हिवाळ्यात तो गळायचा. त्यांनी नट सोडला, दांडीभोवती गळती थांबवणारी नवी दोरी गुंडाळली, नट आवळला आणि झालं म्हणाले.

"वाफ आल्याशिवाय कसं कळणार?" मी विचारलं.

"ती आली की बघू, आक्का."

"भाऊ, मालनताई येणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

भाऊंनी पाना पुसून पेटीत ठेवला. मग स्वयंपाकघरातून नारळ आणला आणि एक सुपारी. बायको हजर नसली तर नवरा तिच्या जागी सुपारी कमरेला खोचून पूजेला बसतो. पूजा झाली की काढतो. तशी खोचून भाऊ तळघरात एकटेच पाटावर बसले. मी विधवा, पायरीवर थांबले.

नारळ फोडून त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने वरच्या नळ्या ठकठक वाजल्या. मालनताईंच्या खोलीतलं लोखंड तापलं. भाऊंनी व्हॉल्वखाली तळहात धरला. बराच वेळ धरला. थेंब पडला नाही.

मग त्यांनी कमरेला हात लावला. "आक्का, पूजा तर झाली. ही सुपारी आता काढू, का राहू दे?"

मी म्हटलं, "राहू द्या."