निळी अक्का

१२ जानेवारी. आज दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढायचं काम होतं. औषधाच्या दुकानातलं हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही, नवऱ्यावर तर नाहीच. खोकी उपडी करता करता खालच्या खणात गोळ्यांचं एक कागदी पुडकं सापडलं. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'महानंदा अक्का'. डिसेंबरच्या सुरुवातीला बांधून ठेवलेलं. तसंच्या तसं.

महानंदा अक्का आमच्याच गल्लीत राहते. बसवकल्याणात माणसांना रंगानं ओळखणारी ती एकमेव बाई असावी. बँकेचा मॅनेजर तिच्या लेखी पिवळा. "सही मागितली की घाम फुटतोय बघ त्येला." भाजीवाली हिरवी, "दिवसभर वरडती, पर दम लागत न्हाई." पलीकडच्या गल्लीतली तिची नणंद कायमची लाल. माझ्या नवऱ्याकडं तिनं एकदा बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो राखाडी. अजून चालूच झाला न्हाई."

मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं.

हे रंगांचं वेड क्लासनं लावलं. माझ्या दुकानासमोर मंगल कार्यालय आहे. लग्नं काही रोज नसतात, म्हणून मालकाच्या पुतण्यानं, किरणनं, हैदराबादहून शिकून येऊन तिथं सकाळचा व्यायामाचा क्लास काढला. हृदयाच्या ठोक्यांवर चालणारा. प्रत्येकाच्या दंडाला एक पट्टा, ज्याच्याकडं ठोके मोजणारं घड्याळ असेल त्याचं घड्याळ, आणि ते सगळं समोरच्या मोठ्या पडद्याला जोडलेलं. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाचा चौकोन, त्यात ठोक्यांचा आकडा. आकडा चढला की चौकोनाचा रंग बदलतो. राखाडी, निळा, हिरवा, पिवळा, शेवटी लाल. लाल म्हणजे जोर लावला. निळा म्हणजे नुसतेच आलात.

लग्नात ज्या पडद्यावर नवरा-नवरी दाखवतात, तोच हा पडदा. आदल्या रात्रीचा फोटो पडद्यावरून काढून टाकायचा राहिला तर सकाळी वर जोडपं हसत उभं आणि खाली गावच्या बायकांचे ठोके. दार उघडं असलं की मला हे सगळं गल्ल्यावरून दिसतं, फुकट.

क्लास आपल्याला मानवेल का, असं लोक मलाच येऊन विचारतात. औषध विकणारीला सगळं कळतं असा गावाचा समज आहे. मी सांगते, तब्येत धड असेल आणि शेजारणीचा आकडा बघून चेव येत नसेल तर जा. म्हणजे गावातलं जवळजवळ कुणीच नको. आणि गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. त्या पडद्याला तुमचं वय तेवढं ठाऊक असतं, गोळी ठाऊक नसते. एवढं ऐकून लोक मान हलवतात आणि जाऊन पैसे भरतात.

अक्कानंही तेच केलं. अडुसष्ट वर्षांची बाई, मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा राजू पुण्याला कंपनीत. दिवाळीला तो येणार म्हणून तिनं चार डबे फराळ केला होता. दिवाळीला राजू आला नाही, घड्याळ आलं. आईनं हे कायम मनगटावर ठेवायचं. ठोके फार वाढले की पुण्यात त्याच्या खिशातल्या फोनवर भोंगा वाजणार. फराळाचे डबे अक्कानं आमच्या गल्लीत वाटले. चकल्या चांगल्या होत्या.

तो भोंगा पहिल्यांदा वाजला त्याला कारण वानर. दोन दिवस अक्का मैत्रिणीबरोबर गाणगापूरला गेली होती आणि गोळ्या घरी विसरली होती. परत आली ती तडक गच्चीवर, कारण वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर एक भलं मोठं वानर येऊन बसलं होतं. हातात काठी घेऊन अक्कानं त्याला गच्चीभर पळवलं. खरं म्हणजे त्यानंच तिला पळवलं. मी आमच्या गच्चीवरून बघत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"न्हाई रे बाळा, वानर हाय... हाव, वानर! शेंगा खायलंय. तू जेवलास का? काय केलती भाजी?"

वानर तिच्यापासून दोन हातांवर बसून शेंगा सोलत होतं. ही एका हातात काठी, एका हातात फोन धरून हसत उभी. ढीग अर्धा झाला तरी काठी काही उचलली गेली नाही. मला वाटलं, म्हातारीला दम लागला असेल.

पुढच्याच आठवड्यात तिनं क्लासला नाव घातलं. आणि निळी राहिली. सगळ्या बायका हिरव्या, पिवळ्या, लाल होतात, ही उड्या मारून घामाघूम होते आणि चौकोन निळाच. किरण ओरडतो, "मॅडम, पुश! थोडं अजून!" बायका तर काय, सोडतात थोड्याच.

"अक्का, झोपलाव का हो उभ्यानं?"

"माझं काळीज सरकारी नोकरीत होतं बाई," अक्का म्हणायची. "धावपळीची सवय न्हाई त्येला."

हसण्यावारी न्यायची, पण एक दिवस दुकानात आली आणि काउंटरवर घड्याळ आपटून म्हणाली, "सविते, मी निळ्याच्या वर जाईनाच की गं. कामून?"

"तुमची गोळी ठोके आवरून धरती, अक्का. भिंत चढलाव तरी आकडा चढणार न्हाई. पडद्याकडं बघूच नका. बोलता बोलता धाप लागायलीय का, तेवढं बघा."

"म्हंजे गोळी मला धरून ठेवायलीय म्हण की."

"तेच तिचं काम हाय."

"बरं," म्हणाली आणि गेली. गोळ्या न घेता गेली. तेव्हा दुकानात गर्दी होती.

मग येळवसच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमाराला अक्का हिरवी झाली. दोन दिवसांनी पिवळी. आणि एका सकाळी कार्यालयातून टाळ्या ऐकू आल्या, बघते तर पडद्यावर महानंदा लाल. त्या आनंदात तिनं येळवसच्या भज्जीचा, पालेभाज्या आणि शेंगांच्या त्या घट्ट कालवणाचा, मोठा डबा क्लासला नेला. व्यायामाला आलेल्या बायका भज्जी आणि भाकरी खाऊन घरी गेल्या. त्या दिवशी कुणाचीच चरबी उतरली नसणार.

तेव्हापासून ती रोज लाल. लाल झाली रे झाली की फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर येऊन बसायची. मी शटर उचलायची तेव्हा ती तिथंच असायची. दम खाते आहे, असं मी धरून चालले. किरण मला म्हणाला, "काकू, अक्का म्हणजे माझी जाहिरात आहे. अडुसष्टव्या वर्षी!" मी त्याला म्हटलं, जाहिरात जप.

आज ते पुडकं हातात आल्यावर मात्र सगळं आपोआप जुळलं. दुकान नवऱ्यावर टाकून मी अक्काच्या घरी गेले. ती संक्रांतीचे तिळाचे लाडू वळत बसली होती. मी पुडकं तिच्या परातीशेजारी ठेवलं.

"अक्का, गोळ्या कुठून घ्यायलाव?"

तिनं हातातला लाडू पुरा वळला. "कुठूनच न्हाई."

"कधीपास्नं?"

"मी लाल व्हायलेय न्हवं, त्याच्या आधीपास्नं."

मला संताप आला. "जीव नकोसा झालाय का? ही गोळी अशी एकदम सोडायची नसती. दावं तुटलेल्या खोंडागत उधळतंय काळीज. एक दिवस त्या नवरा-नवरीच्या फोटोखाली आडव्या व्हाल, मग वाजवा म्हणावं टाळ्या."

"तूच म्हणलीस की, गोळी धरून ठेवती म्हणून."

"म्हणून सोडलाव? चार बायकांनी कौतुक करावं म्हणून?"

अक्का हसली. "बायकांचं काय लोणचं घालू? लाल झालं की राजूचा फोन येतो. निळ्यात येत न्हाई."

मी पाटावर बसले. "काय बोलतो?"

"'आई, ठीक आहेस ना?' म्हणतो. मी म्हणते, हाव. 'बस, पाणी पी' म्हणतो. पिते."

"आणि?"

"आणि ठोके खाली येस्तोर लाइनवर ऱ्हातो. तिकडं दिसतंय त्येला. आकडा उतरला की ठेवतो." तिनं तिळाचा हात पदराला पुसला. "लई लवकर उतरतात गं. बसलं की उतरतात. मी उभीच ऱ्हाते कधी कधी."

मी तिथूनच राजूला फोन लावला. अक्का दाराशी उभी राहून हातानं नको नको करत होती. गोळीचं सांगू नको, पोरगं घाबरंल, असा तिचा इशारा. मी सांगितलं नाही. गोळी तर आजपासून सुरू होणारच होती.

राजू वाईट मुलगा नाही. वाईट असता तर बोलायला सोपं गेलं असतं.

"काकू, तो भोंगा वाजला की मी असेन तिथून फोन करतो. परवा तर मीटिंगमधून उठलो."

"आणि वाजला न्हाई तर?"

"न वाजला म्हणजे ती ठीक आहे. म्हणून तर घेतलं ना घड्याळ."

"तसं न्हाई रे. ठीक असली तरी करत जा की फोन."

"हो काकू, नक्की. आज करतोच."

संध्याकाळी अक्काला डॉक्टरकडं नेलं. तिथं आमच्या आधी बरीच माणसं होती. अक्का बाकावर मांडीवर फोन ठेवून बसली होती, पडदा वर करून. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, बघून कपाळाला हात लावला, आम्हा दोघींना रागावला. गोळी सुरू, क्लास बंद, मी सांगेपर्यंत उडी नाही, असं त्यानं बजावलं. घरी येईपर्यंत अंधार पडला. फोन वाजला नव्हता. कामात असेल, असं अक्काच म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं. तिनं घड्याळ काढलं आणि लाडवांच्या डब्यावर ठेवलं.

"निळी तर निळी," म्हणाली.

मी घरी जाऊन भाकऱ्या केल्या. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. त्याला सांगून काय होणार होतं.

१३ जानेवारी. पहाटे उठून मी अक्काच्या दारात गेले. गोळी माझ्यासमोर गिळायला लावली, तोंड उघडून दाखवायला लावलं. मग डब्यावरचं घड्याळ उचलून माझ्या मनगटावर बांधलं.

"काय करायलीस गं?"

"फोन घ्या. चला."

कार्यालयात आदल्या रात्री लग्न झालं होतं. स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. त्यातल्या नवरीच्या खुर्चीत मी अक्काला बसवलं आणि पदर खोचून बायकांच्या रांगेत उभी राहिले. पायांत नवऱ्याचे बूट होते. किरण पडद्याकडं बघत म्हणाला, "काकू, पण हे नाव तर..."

"तू तुझी शिट्टी वाजव," मी म्हटलं.

मला कसली गोळी नाही. पण तीस वर्षं गल्ल्यावर बसलेलं शरीर आहे. चौकोन निळा झाला, हिरवा झाला. पिवळा व्हायला गुडघ्यांनी फार वेळ घेतला. बायका हसत होत्या, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. महानंदा लाल झाली आणि स्टेजवर फोन वाजला.

"हाव बाळा, ठीक हाय," अक्काचा आवाज आला. "बसलेय की. खुर्चीतच बसलेय... पाणी? पिते... हाव, उतरंल आता. तू सांग, तिकडं थंडी किती हाय? स्वेटर काढलास का?"

किरणनं शिट्टी वाजवली. सगळ्या बायका थांबल्या, पाणी प्यायला गेल्या. मी अक्काकडं बघितलं. फोन कानाला लावून ती माझ्याकडं बघत होती, आणि मोकळा हात पदराखालून हळूच वर-खाली हलवत होती.

मी एकटीच उड्या मारत राहिले.