राहीबाईसाठी पवनचक्की

राहीबाई लेकीच्या बाळंतपणाला मलकापूरला गेली. दिवाळी झाली, गावची जत्रा झाली, उन्हाळा तापला, तरी परत यायचं नाव घेईना. इकडं वडूजच्या पलीकडं, माळावरच्या वस्तीत उरला आकाराम, त्याची मेंढरं आणि त्याच्या हातची भाकरी. (ती पुढ्यात टाकली की मेंढरंसुद्धा पाठ फिरवायची.)

"कवा येतीस?" तो रोज फोनवर विचारायचा.

"येते की. पण तिथं दुपारची लाईट नसती. हितं बाळासंगं पंख्याखाली झोपायची लय सवय लागली बगा."

फोन ठेवून आकाराम समोरच्या डोंगराकडं बघत बसला. कंपनीच्या पवनचक्क्या साऱ्या जगासाठी गरगर फिरत होत्या. एखादी आपल्या बायकोसाठी फिरली तर काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी तो वडूजला नाथाजीच्या भंगारात शिरला. ठोकलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर, पात्यांसाठी पीव्हीसी पाईप, खांबाला बोअरचा गंजका पाईप, एवढं सापडलं. राहिली शेपटी.

"वाऱ्याकडं तोंड वळवायला मागं पत्रा लागतोय," म्हणत नाथाजीनं एक पाटी उपसली. दोन्ही बाजूंनी गुलाबी अक्षरं होती, 'स्वप्नाली ब्युटी पार्लर'.

"वारं काय वाचत बसतंय व्हय?" म्हणून आकारामनं ती तशीच चढवली.

पहिल्याच झुळकेला एक पातं निसटून मेंढरांच्या वाड्यात पडलं आणि मेंढरं उधळली ती मायणीच्या रस्त्याला सापडली. दुसऱ्या खेपेला खिडकीबाहेर रोवलेला खांबच वाकला. तिसऱ्या खेपेला मात्र चक्की फिरली आणि घरातला टीचभर पंखाही फिरला. आकाराम खाटेवर राहीबाईची बाजू मोकळी सोडून बसला. वारं त्या मोकळ्या जागेवरूनच त्याच्याकडं यायचं. त्याला गार वाटायचं, पण बरं काही वाटायचं नाही.

ती आल्यावर एकदम दाखवायचं म्हणून त्यानं चकार शब्द काढला नव्हता. एका संध्याकाळी तिचाच फोन आला.

"वस्तीवर कोण हाय?"

"कोण न्हाई. मीच."

"मग बाळासो म्हणतोय ती स्वप्नाली कोण?"

हात्तिच्या! शेजारच्या बाळासोनं फोडलं वाटतं सगळं. आकाराम हसला. "ती व्हय! ती नाथाजीकडनं आणली. जरा गंजलीय, पण वारं सुटलं की लय ग्वाड फिरती. मी तर दिसभर तिच्याकडंच बघत बसतो."

पलीकडनं फोन कट झाला. (रेंज गेली असेल, असं त्याला वाटलं.)

सकाळी पहिल्याच एसटीनं राहीबाई हजर. हातात पिशवी, डोळ्यांत जाळ.

"कुठं हाय ती?"

आकारामनं वर बोट केलं. तेवढ्यात वारं फिरलं आणि गुलाबी स्वप्नाली कुरकुरत राहीबाईकडं वळली. क्षणभर राहीबाई बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून अशी हसली की बिचाऱ्याला सगळ्या उन्हाळ्याचं चीज झाल्यासारखं वाटलं.

"माझ्यासाठी केलीसा?"

"मग काय मेंढरांसाठी?"

ती पंख्याखाली खाटेवर टेकली. आता मनात साठलेलं सगळं बोलावं म्हणून आकारामनं घसा खाकरला, तोच वारं पडलं. पंखा थांबला.

राहीबाईनं पिशवीकडं हात नेला. "दुपारची एसटी कितीला हाय?"

आकाराम शिडीवर कधी चढला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. भर उन्हात तो हातानं पाती फिरवू लागला. खाली पंखा सुरू झाला. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग खाट करकरली. आकारामचा ऊर भरून आला. पाती सोडून तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला,

"राही, तुझ्याबिगर मला अजिबात करमत नव्हतं गं!"

त्यानं कान लावला.

"आवं," झोपेतल्या आवाजात राहीबाई म्हणाली, "बोला की, पण हात थांबवू नगा!"