भुऱ्याचा सुपूर्दनामा

आमच्या गल्लीतले जप्तीकाका कुणाच्याही घरात सरळ शिरत नाहीत. आधी उंबऱ्याबाहेर उभे राहतात, मान चारी दिशांना फिरवतात आणि मोठ्यानं म्हणतात, "पूर्वेस रस्ता. पश्चिमेस शेजाऱ्यांची मोरी. उत्तरेस शेवग्याचं झाड. दक्षिणेस..." दक्षिणेला जो कुणी उभा असेल त्याचं नाव. घराची अशी चतुःसीमा पक्की झाली की मग चपला काढतात. तोवर तुमचा चहा गार झाला तर तो तुमचा प्रश्न.

हे गृहस्थ परभणीच्या कोर्टात बेलिफ होते. म्हणजे हुकूम निघाला की लोकांच्या घरी जाऊन कपाट, म्हैस, शिलाई मशीन, जे सापडेल ते जप्त करून आणायचं, हे त्यांचं काम. पेन्शनीत जाऊन जमाना झाला, पण जीभ अजून नोकरीतच आहे. भाजी घेताना म्हणतात, "सदरहू वांगं बाहेरून दुरुस्त दिसत असून आत कीड असल्याचा दाट संशय आहे." भाजीवाली म्हणते, "घ्यायचं तर घ्या, न्हाई तर ठिवा. माझ्या वांग्याला कोर्टात नेऊ नका." एकदा डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "परवापासून अंगावर तापाचं अतिक्रमण आहे, ते उठवावं." डॉक्टर नवा होता. त्यानं आधी रक्तदाब तपासला.

जप्तीकाका हे नाव गल्लीनं ठेवलं. खरं नाव मुंजाजीराव. मी त्यांना बेलिफसाहेब म्हणते आणि ते मला वहिनीसाहेब म्हणतात.

आमची पहिली भेट मात्र खिडकीतून झाली. मी नवी नवरी होते. बुद्धी बेताची आणि ऐट फार. माहेरहून आलेला रेडिओ हा माझा खरा दागिना. एका दुपारी खाकी कपड्यातला, बगलेत कागद धरलेला उंचापुरा माणूस आमच्या दाराकडं येताना दिसला. कुणीतरी ओरडलं, "बेलिफ आला गं!" आमच्यावर ना कसला दावा, ना खटला. पण मी काय केलं असेल? रेडिओ उचलला आणि ज्वारीच्या कणगीत गाडला. वरून मुसळ ठेवलं. स्वतः मुसळावर बसले. दार वाजलं तेव्हा बसल्या जागेवरूनच ओरडले, "घरात काहीच न्हाई! मी पण न्हाई!"

बाहेरून आवाज आला, "पाणी मिळेल का, बाई? ऊन लय हाय."

तांब्या मी खिडकीच्या गजातून दिला. पुढं बरेच महिने रेडिओवर बातम्या लागल्या की आतून ज्वारी खुळखुळायची.

तर त्या माणसाच्या दारात मला गेल्या नाताळच्या सुट्टीत हात जोडून उभं राहावं लागलं, ते भुऱ्यामुळं.

भुऱ्या हा आमचा कुत्रा. जात गावठी, एक कान उभा, एक पडलेला. बायकोला घरात भांडायला माणूस लागतं. यजमान गेल्यावर मी भुऱ्याशी भांडते. त्याची एक खोड वाईट. मी घरात नसले की तो अन्नाला तोंड लावत नाही. मागं एका लग्नाला गेलो तेव्हा त्याला पूर्णेला भाच्याकडं ठेवलं होतं. परत आलो तर सलाईन लावलेलं. हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता.

तेव्हापासून मी कुठंच गेले नव्हते. पण या वेळी मुलगा विलास हट्टालाच पेटला. "आई, तुला समुद्र दाखवायचाय. आता न्हाई तर कधी?" मी तरुणपणी समुद्रासाठी नवऱ्याशी अबोला धरला होता. तो चहा होईपर्यंत टिकला. चहात साखर किती हे विचारायला तोंड उघडावंच लागलं. म्हणून या वेळी हो म्हणाले. भाचा पूर्णेहून आमच्या घरी राहायला येणार, भुऱ्याला आमच्याच अंगणात सांभाळणार, सगळं ठरलं.

संध्याकाळची गाडी. सकाळी भाच्याचा फोन. "मावशी, सुट्टी रद्द झाली बघ. रेल्वेत काय आपलं चालतंय?"

झालं. बॅगा दारात, दशम्या डब्यात, आणि भुऱ्या बॅगांवर. त्याला सगळं कळत होतं. दूधवाल्याला विचारलं तर त्याच्या घरी मांजरी. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, आमी इथं टोचतो, ठेवत न्हाई." समोरच्या शोभाताईंना कुत्र्याची इतकी भीती की त्या फोनवरसुद्धा भुऱ्याचं भुंकणं ऐकून लांब होतात. "मी वरच्या खिडकीतून पोळ्या टाकीन," त्या म्हणाल्या, "पण वर बघू नको म्हणावं त्याला."

विलास म्हणाला, "अंगणात पाण्याची बादली भरून ठेवू अन् जाऊ."

"तुला ठेवू का बादली भरून?" मी म्हणाले. "तुमी जा. मी न्हाई येत."

सून मीना खाली बसली. तिकिटं, कोकणातली खोली, तिची कशीबशी मिळालेली रजा. तेवढ्यात आमचा इस्त्रीवाला सलीमभाई कपडे घेऊन आला आणि तिघांची तोंडं बघून म्हणाला, "काकी, जप्तीकाकाला विचारलं का?"

आम्ही हसलो. मग हसू थांबलं, कारण दुसरं नाव उरलंच नव्हतं.

बेलिफसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. भुऱ्याकडं पाहिलं. भुऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. दोघांनाही एकमेकांचा संशय आला.

"जप्त जनावर," ते म्हणाले, "कोर्टात बांधता येत नाही, वहिनीसाहेब. ते गावातल्या एखाद्या भल्या माणसाच्या ताब्यात द्यावं लागतं. त्याला सुपूर्दनामा म्हणतात. आणि तो दोन पंचांसमोर होतो."

"म्हणजे ठेवता ना?"

"पंच बोलवा."

सलीमभाई होताच. दुसऱ्या पंच शोभाताई, रस्त्याच्या पलीकडून. काकांनी भुऱ्याभोवती एक फेरी मारली आणि घसा साफ केला. "कुत्रा, नर, रंग भुरका. डावा कान कायमस्वरूपी पडलेला. शेपूट चालू हालतीत. स्वभाव..." इथं भुऱ्यानं त्यांच्या चपलेवर पाय ठेवला. "स्वभाव लगट करणारा. पंचांना मान्य?"

"मान्य!" शोभाताई पलीकडून ओरडल्या. "लौकर आत घ्या त्याला!"

साखळी हातात देताना मी म्हणाले, "बेलिफसाहेब, तो जेवत न्हाई हो. तेवढं बघा." ते फक्त "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समुद्र पाहिला. मोठा होता. माझं लक्ष नव्हतं. मी फोनवर होते.

"जेवला का?"

"मुद्देमालानं अन्न नाकारलं आहे."

"दूध देऊन बघा. तूप लावा भाकरीला."

"दिलं. लावलं. नाकारलं."

मीना म्हणाली, "आई, लाटा बघा." मी म्हणाले, "बघितल्या. त्या परत येतातच." सलाईनची नळी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पुढच्या सकाळीही नकारच. आजची वाट बघायची, नाही तर उद्या परतीची गाडी धरायची, असं मी विलासला सांगून टाकलं. तो रागानं नारळाच्या झाडाकडं बघत बसला.

दुपारी फोन वाजला. पलीकडून शांत आवाज. "मुद्देमालानं अन्न स्वीकारलं."

"किती? कसं? काय केलंत?"

"तपशील फोनवर देता येत नाही." फोन बंद.

मग मात्र मी समुद्राकडं नीट पाहिलं. नुसतं पाहिलं कशाला, नऊवारीचा काष्टा वर खोचून गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले आणि लाट आली की किंचाळले. सुनेनं फोटो काढले. त्यात मी घाबरलेल्या कोंबडीसारखी दिसते, पण खुश कोंबडी. सोलकढी इतकी प्यायले की विलास म्हणाला, "आई, समुद्रात थोडं पाणी राहू दे." रोज दुपारी फोन करायचा आणि रोज तेच उत्तर यायचं. ते ऐकून मी पोटभर जेवत होते.

परभणीत उतरलो ते थेट काकांच्या फाटकाशी. थंडी अशी की शब्दाची वाफ होत होती. भुऱ्या धावत आला, हात चाटले, माझ्याभोवती गोल गोल फिरला. आणि मग परत जाऊन काकांच्या पायाशी बसला. अंगावर चौकटीचा लोकरी स्वेटर. बाह्या कापून चार पाय घालायची सोय केलेली.

"चल, भुऱ्या," मी म्हणाले.

"चालणार नाही," काका म्हणाले. "ताबा दोन पंचांसमोर घेतला, परतही त्याच दोघांसमोर. शोभाताई पाथरीला लेकीकडं गेल्यात. परवा येतील."

विलास भडकला. "अहो, कुत्रं आमचं, अन् आमीच बाहेर?"

"कायदा आहे, बाळासाहेब."

मी विलासला ओढून घरी आणलं. मला राग यायला हवा होता. पण तब्येत बघितली होती ना भुऱ्याची! बरगडी शोधावी लागेल असा गुबगुबीत. अंगातला सगळा घोर उतरला होता. मी गरम पाण्यानं अंघोळ केली आणि आडवी झाले.

संध्याकाळी सलीमभाई कपडे न्यायला आला. मी विचारलं, "काय रे, काय जादू केली काकांनी?"

"जादू कसली, काकी!" तो हसला. "काका उभ्यानंच जेवायचे ना, ओट्यापाशी, खानावळीचा डबा उघडायचा, चार घास, डबा बंद. कुत्रं तिकडं उपाशी. मी म्हणलं, काका, हा एकटा खात न्हाई वाटतं. तर दुसऱ्या दिवशी बघतो तर काका सतरंजीवर मांडी घालून बसलेत. ताट वाढलंय. बाजूला दुसरं ताट. काका एक घास खायले, कुत्रं एक घास खायला. बोलायले बी त्याच्यासंगं. आता डबा बंद केलाय म्हणे. भाकरी स्वतः थापायलेत. नकाशा होतो, पण थापायलेत."

बायको जाऊन किती वर्षं झाली त्यांची, आणि मूलबाळ नाही. गल्लीतल्या कुणी कधी त्यांना पंगतीला बसवल्याचं मला आठवेना. बेलिफ जेवायला बसलेला कुणाला बघवतो?

दोन दिवसांनी शोभाताई आल्या. रस्त्याच्या पलीकडूनच हजर झाल्या. काकांनी पुन्हा सगळं मोठ्यानं सांगितलं. कान, शेपूट, स्वभाव. "वजनात वाढ," हे नवीन. मग साखळी माझ्या हातात दिली आणि हात मागं घेतला नाही.

"वहिनीसाहेब," ते हळू म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात कोर्ट नव्हतं. "जिंदगीभर मी लोकायच्या घरातून आणलं. लोक रडायचे, शिव्या द्यायचे, मी आणायचो. आपणहून कुणी माझ्या हातात काही दिलं, ते हे पहिलं."

मी म्हणाले, "स्वेटर छान शिवलाय."

"माझाच होता. मला गरम व्हायचा." परभणीची थंडी नाकातून पाणी काढत होती. मग इकडं तिकडं बघत, अगदी सहज, "पुन्हा कधी जाणार आपण? नाही, आपलं विचारलं. माहीत असलेलं बरं."

"जाणार की," मी म्हणाले. "लवकरच."

परवा भुऱ्याची साखळी बेलिफसाहेबांच्या हातात देऊन मी उगाचच एस.टी.नं येलदरीला धाकट्या बहिणीकडं गेले. दोन दिवसांची पिशवी, त्यात एक साडी. बहीण दारातच म्हणाली, "अगं बाई, तू? अन् न सांगता? काय काम काढलंस?"

"काही न्हाई. आमच्या गल्लीत एक जण एकटा नीट जेवत न्हाई, म्हणून आले."

"मग तिथं थांबायचं का इकडं यायचं? काय वेडी का खुळी तू?"

तिला काय सांगायचं? मी पाय धुतले, पाटावर बसले. तिनं वाढलेली भाकरी कालवणात कुस्करली आणि घड्याळाकडं पाहिलं. तिकडं एव्हाना ताटं मांडून झाली असतील.