ताईचा अंगठा

डोळे तपासायला मी माझ्या जागी शेजारणीला पाठवलं होतं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझं वय चाळिशीचं, अक्कल बालवाडीतली.

पण ताईने जीव नकोसा केला होता. सुधाताई माझी थोरली बहीण. शाळामास्तरीण, बिनलग्नाची, कायम तापलेली. काचबिंदूने आधी आमच्या वडिलांची नजर खाल्ली, मग ताईचा डावा डोळा. हे दुखणं रक्ताच्या नात्यात उतरू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं मात्र, ताई नातेवाइकांच्या मागे हात धुऊन लागली. बारसं असो की तेरावं, कडेची नजर शाबूत आहे का ते बघायला समोरच्याचा एक डोळा झाकायची आणि आपला अंगठा त्याच्या कानामागून हळूहळू पुढे आणायची. "नाकासमोर बघ. दिसला?"

जिलबी चघळत एक चुलतभाऊ म्हणाला, "दिसला."

"खोटारड्या, अजून आणलाच नाही. खरं मशीन डॉक्टरांकडे आहे. उद्या जा."

मी म्हणायची, "अगं, मला काही दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच जा, मंगे."

शेवटी वैतागून मी निजामपुऱ्यातल्या त्या डॉक्टरांकडे माझं नाव सांगायला लावून शेजारच्या रेहानाभाभीला धाडलं. भाभी खूश. "चष्मा तो मेरे को चाहिएच था." ताईला कळवलं, माझे डोळे ठणठणीत. कधी न हसणाऱ्या त्या बाईने शाळेत पेढे वाटले.

पुढे ताई स्वतःच्या तपासणीला गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बहीणबाई हिंदी मात्र झकास बोलतात."

ताई रिक्षाने तडक नारपोलीला आमच्या घरी आली. चपला घालूनच स्वयंपाकघरात शिरली, गॅस बंद केला, माझं मनगट धरलं. त्याच रिक्षाने मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

माझ्या दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला निघाला. नजर शाबूत होती, म्हणून थेंबांवर भागलं. ते थेंब अजून चालू आहेत, आणि नातीच्या डोक्यातल्या उवा मी अजून बिनचूक टिपते.

पण तेव्हा दवाखान्याबाहेर आल्यावर उलट मीच भडकले. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात ओरडले, "गेले असते तर माझे डोळे गेले असते. तुझं काय जात होतं?"

डावीकडून तागे लादलेली हातगाडी येत होती. ताईला ती दिसलीच नाही. मी दंड धरून तिला मागे खेचलं. गाडी गेली. दंडावरचा माझा हात ताईने घट्ट धरून ठेवला.

"उजवाही जाणार आहे, मंगे," ती म्हणाली. "तेव्हा तुझाच हात धरायचा, असं ठरवलंय मी."